मामा अमेरिकेत, भाचा तासगावात: दत्तकाचं काम कुठून सुरू करायचं?

प्रश्न : माझी नणंद वारली, तिचा मुलगा ११ वर्षांचा आहे, आमच्याकडंच तासगावात असतो. धाकटे दीर आणि जाऊ न्यू जर्सीत असतात, दोघंही अमेरिकन नागरिक. त्यांना मूलबाळ नाही, भाच्यालाच दत्तक घेतो म्हणतात, पोराच्या वडिलांचीही तयारी आहे. इथं सगळे सांगतात की विधी करा आणि रजिस्ट्रार ऑफिसात दत्तक पत्र करून टाका. त्यावर व्हिसा, नागरिकत्व आणि तिकडची टॅक्सची सवलत मिळेल का?

उत्तर : ताई, दत्तक पत्र आत्ता अजिबात करू नका. इथंच बरीच घरं अडकतात, कारण भारत आणि अमेरिका दोन्ही हेग कराराखाली (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत आणि अमेरिकेचा नियम असा की त्यांची मंजुरी यायच्या आधीच दत्तक झालं तर त्याच दत्तकावर व्हिसा मिळवणं फार अवघड होऊन बसतं, मग मूल सख्ख्या बहिणीचं असलं तरी त्यात सूट नाही.

सुरुवात न्यू जर्सीतून करायची. दिरांनी तिथल्या मान्यताप्राप्त एजन्सीकडून होम स्टडी (घराची आणि परिस्थितीची पाहणी) करून घ्यायचा आणि दत्तक घ्यायला आपण योग्य आहोत याच्या मंजुरीसाठी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा आय-८००ए फॉर्म भरायचा. मग या मुलासाठीचा आय-८०० फॉर्म, तो मात्र मुलाला १६ पूर्ण व्हायच्या आत जायला हवा, तुमच्याकडं वेळ आहे पण उगाच लांबवू नका. इकडं दिल्लीच्या 'कारा'कडं (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी होते आणि सांगलीचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरी येऊन मुलाच्या कुटुंबाचा अहवाल करतो. आपल्या कायद्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, त्यामुळं मामा बसतो (चुलतभावाचं मूल असतं तर या वाटेनं जमलं नसतं). वडिलांची लेखी संमती लागते आणि मुलगा पाचच्या वरचा आहे म्हणून त्याचीही लागते. त्याला हे नीट समजावून सांगा, ताई, आई गेलेलं पोर आहे, देश आणि शाळा सगळंच बदलणार, नुसती सही घेऊन भागणार नाही.

अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आणि अमेरिकन कॉन्सुलेटचं पत्र आलं की मगच दत्तकाचा आदेश. तो १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग कराराप्रमाणं झाल्याचा दाखला), पासपोर्ट आणि व्हिसा. आदेश इथंच पूर्ण झालेला असला की आयएच-३ (हेग करारातल्या दत्तक मुलाचा) व्हिसा मिळतो आणि मुलगा अमेरिकेत उतरून दिरांकडं राहायला लागला की अमेरिकेच्या २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यानं आपोआप नागरिक होतो. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट वेगळा अर्ज न करता घरी येतं, पण आलं का नाही ते दिरांना पाहायला सांगा आणि जपून ठेवायला सांगा, पुढं कॉलेज, नोकरी सगळीकडं लागतं. भारतीय पासपोर्ट मग सरेंडर करावा लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) काढता येतं. आणि पहिली दोन वर्षं मूल कसं राहतंय याचे रिपोर्ट काराकडं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी.

आता अमेरिकेतला टॅक्स. २०२५ सालासाठी एका मुलामागं जास्तीत जास्त १७,२८० डॉलरची सवलत आहे, त्यातले ५,००० पर्यंत टॅक्स लागत नसला तरी हातात परत मिळतात, उरलेली पुढची पाच वर्षं वापरता येते. एजन्सीची फी, वकील, विमानाचं तिकीट, राहण्याजेवणाचा खर्च हे सगळं धरतात. परदेशातलं मूल असलं की दत्तक पूर्ण झालेल्या वर्षाच्या आधी क्लेम करता येत नाही, पण आधीच्या वर्षांत केलेला खर्च त्या वर्षी धरतात, तेव्हा पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा. क्लेमसाठी फॉर्म ८८३९ भरायचा. दोघांचं मिळून उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या वर गेलं की सवलत कमी होत जाते आणि २,९९,१९० ला संपते.

प्रश्न : आम्ही कराडला असतो, मुलगी दत्तक घेतलेली आहे. तिच्या शाळेच्या फीवर टॅक्समध्ये सूट मिळते का? ऑफिसात नाही म्हणतात.

उत्तर : मिळते. आयकर कायद्यात 'मूल' म्हणजे दत्तक मूलही, त्यात फरक केलेला नाही. कलम ८०सी मध्ये (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलम १२३) दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी धरतात, एकूण मर्यादा दीड लाख, पण जुनी टॅक्स पद्धत निवडली असेल तरच. डोनेशन आणि बसची फी धरत नाहीत. ऑफिसात दत्तकाच्या आदेशाची झेरॉक्स आणि फीची पावती द्या.