मॉडेल, निवेदिका आणि डच उच्चार

प्रश्न : जर्मन वाहिनीवरील ‘लेट्स डान्स’ या नृत्यस्पर्धेच्या जुन्या भागांत सिल्व्ही माइस या डच निवेदिका दिसतात. अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींतील चेहरा आणि फुटबॉलपटू राफाएल फान डेर फार्ट यांच्या तेव्हाच्या पत्नी, एवढ्याच भांडवलावर त्यांना हे काम मिळाले, असे माझ्या मित्रांचे म्हणणे आहे. ते खरे मानावे काय? आणि जर्मन ही मातृभाषा नसताना त्यांना थेट प्रक्षेपणात कसे उभे केले गेले?
— एक वाचक

उत्तर : आपल्या मित्रांनी क्रम उलटा लावला आहे. १९७८ मध्ये ब्रेडा येथे जन्मलेल्या सिल्व्ही माइस यांनी मॉडेलिंगबरोबरच दूरचित्रवाणीवर पाऊल ठेवले, ते नेदरलँडमध्ये, ‘फॉक्स किड्स’ या मुलांच्या वाहिनीवर. पुढे ‘टीएमएफ’ या संगीत वाहिनीवर त्या दिसू लागल्या. फान डेर फार्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो २००५ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलण्याची सवय अंगवळणी पडल्यानंतर. त्याच वर्षी पती आयाक्स हा डच फुटबॉल संघ सोडून जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संघात गेले. जर्मन वृत्तपत्रांनी या जोडप्याला डोक्यावर घेतले आणि त्या प्रसिद्धीने दार उघडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २००८ मध्ये पती स्पेनच्या रेआल माद्रिद संघाकडे गेल्यावरही त्यांचे जर्मनीतील काम थांबले नाही; उलट त्याच वर्षी ‘आरटीएल’ या जर्मन वाहिनीच्या ‘दास सुपरटॅलेंट’ या कलागुणांच्या स्पर्धेत संगीतकार डीटर बोलेन यांच्या शेजारी परीक्षकाची खुर्ची त्यांना मिळाली.

यानंतरचे वर्ष मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलके वाटते. जून २००९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली, आणि तरीही त्या शरद ऋतूत परीक्षकांच्या रांगेत त्या होत्याच. ज्या बाईचा व्यवसाय रूपावर उभा, तिने केस गळण्याच्या काळात लाखो प्रेक्षकांसमोर बसणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्या वसंतात, २०१० मध्ये, त्या ‘लेट्स डान्स’मध्ये स्पर्धक म्हणून उतरल्या आणि अभिनेत्री झोफिया टोमाला यांच्यामागे दुसऱ्या आल्या. २०११ पासून डानिएल हार्टविश यांच्यासह त्याच कार्यक्रमाचे निवेदन त्यांच्याकडे आले, ते २०१७ पर्यंत.

हे काम दिसते तितके सोपे नाही. नुकताच नाचून आलेला स्पर्धक धापा टाकत असतो, त्याला वाक्य पुरे करता येत नाही, परीक्षकांचे गुण यायचे असतात आणि प्रेक्षकांच्या दूरध्वनी-मतदानाची वेळ घड्याळावर सरकत असते. अशा वेळी दोन शब्दांचा नेमका आधार देऊन त्याला बोलते करावे लागते. ज्याने त्या जमिनीवर स्वतः घाम गाळला आहे त्यालाच ती धाप ओळखू येते, आणि मला वाटते त्यांची निवड येथे सार्थ ठरली. विनोद बहुतांशी हार्टविश करीत.

आता भाषेचे. डच भाषेत नामांपुढे ‘दे’ आणि ‘हेट’ अशी दोनच निश्चित उपपदे (इंग्रजीतील ‘द’सारखे शब्द) आहेत, तर जर्मनमध्ये तीन लिंगे आणि चार विभक्ती. मराठी माणसाला तीन लिंगांचे नवल नाही, पण डच माणसाची तेथे हमखास फसगत होते. माइस यांचे उच्चार आणि चुका यांवर जर्मन पत्रकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. मात्र जर्मन प्रेक्षकांना डच वळणाचे जर्मन परके नव्हते : नेदरलँडमधील आल्कमारचे निवेदक रूडी कारेल यांनी १९६५ पासून, त्यांच्याच देशातील निवेदिका मारायके आमाडो यांनी ‘मिनी प्लेबॅक शो’मधून आणि लिंडा डे मोल यांनी नव्वदच्या दशकात ‘ट्राउमहोखत्साइट’मधून त्यांचे कान तयार करून ठेवले होते. त्या वळणात जर्मनांना खेळकरपणा जाणवतो. त्याचा लाभ माइस यांनाही झालाच.

प्रश्न : मग मॉडेलिंग त्यांनी सोडले काय?
— तेच वाचक

उत्तर : मुळीच नाही. ‘हुन्केम्यॉलर’ या डच अंतर्वस्त्र कंपनीच्या जाहिरातींत त्या अनेक वर्षे झळकल्या. २०१८ मध्ये तर ‘आरटीएल’वर ‘सिल्व्हीज देसू मॉडेल्स’ हा कार्यक्रम त्यांच्याच नावाने आला, आणि त्यात अंतर्वस्त्रांसाठी नव्या मॉडेल निवडण्याचे काम त्यांच्याकडे होते.