ओळखीच्या डीलरकडून २०१७ ची स्कॉर्पिओ घ्यावी का? बजेट सात लाख, घरात सहा माणसं. घेतल्यावर मोठे टायर, बुल बार (बंपरपुढचा लोखंडी बार), टचस्क्रीन असे बदल करावेत का?

"डीलर ओळखीचा आहे, त्यामुळे त्या बाजूनं टेन्शन नाही" असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. टेन्शन त्याच बाजूनं आहे.

डिसेंबर २०२१. आम्ही कराडचे, घरात सहा माणसं. अल्टोत कोंबून तुळजापूरला जाऊन आलो, आल्यावर अण्णांनी कंबर धरून दोन दिवस अंथरूण सोडलं नाही. तेव्हाच ठरलं की जुनी का होईना, मोठी गाडी घ्यायची. ही बातमी दाजींच्या कानावर गेली आणि त्यांनी माझ्या आधी गाडी पसंत केली. "माझ्या मित्राकडं आहे. २०१६ ची स्कॉर्पिओ, पांढरी, सिंगल हँड, चव्वेचाळीस हजार किलोमीटर. डॉक्टरची गाडी." आपल्याकडं विकायला निघालेल्या निम्म्या गाड्या डॉक्टरच्या असतात आणि उरलेल्या बँक मॅनेजरच्या. बाकी जनता चालत फिरते बहुतेक. पण दाजींनी आम्ही गाडी बघायच्या आत स्वतःच्या खिशातून अकरा हजार इसार देऊन टाकला होता. बोलणार कोण?

गाडी नवरीसारखी नटवलेली होती. नवीन सीट कव्हर, नवीन मॅटिंग, आत अत्तराचा इतका भपकारा की धाकट्याला शिंका सुरू झाल्या. पासिंग एमएच ०८. म्हणजे रत्नागिरी जिल्हा. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते २२ जुलै २०२१ ला, आणि आम्ही पाच महिन्यांनी ती गाडी बघत होतो. माझ्या डोक्यात किडा वळवळला. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि पार संपेपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चॉकलेटी रेघ. सीटखाली हात घातला तर रुळांना गंज. मागच्या लाइटच्या काचेत आतून गाळाची पुटं. दाजींचा मित्र, म्हणजे डीलर, म्हणाला, "कोकणात पाऊस असतोच साहेब." छतापर्यंत उडालेला पाऊस असावा.

मी नको म्हणून निघून आलो. अकरा हजार बुडाले. तेव्हापासून साखरपुडा असो, वास्तुशांत असो, दाजी चार माणसांत सांगतात, "बेल्टवरच्या डागासाठी आमच्या मेहुण्यानं गाडी सोडली." आता इथं लेखी सांगतो. पाण्यात बुडालेलं इंजिन खोलून धुता येतं. गाडीभर फिरलेलं वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मॉड्यूल धुता येत नाही. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, आत हिरवा गंज धरतो आणि वर्षा-दीड वर्षानं गाडी खंबाटकीच्या चढावर बंद पडते. पावसाळ्यात पाणी चढतं अशा कुठल्याही गावची गाडी असेल, मग चिपळूण असो की २०१९ च्या महापुरातलं सांगली-कोल्हापूर, तर पाचही सीट बेल्ट ओढून बघा. डीलर ओळखीचा असेल तर जास्त ओढा, कारण ओळखीच्या माणसासमोर आपल्याला बोनेट उघडायला सांगायची पण लाज वाटते. दाजींना तीच लाज वाटली होती. हे ते कधी कबूल करणार नाहीत.

बाकी तपासणी तुम्हाला माहीत असणार. सकाळी न सांगता जा, बोनेटला हात लावा, गरम लागलं तर त्यांनी गाडी आधीच चालू करून ठेवलीय. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिन बघा, धूर फकाफक येत असेल तर घरी या. पिलर (छत धरणारे खांब) आणि दारांच्या सांध्यांवरचं पेस्टिंग, म्हणजे कंपनीनं भरलेला मसाला, बोटानं चाचपा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि टायरचा दुसरा सेट संपत आलाय, तर मीटर कुणीतरी मागं नेलंय. दिल्लीकडून आलेली गाडी असेल तर आणखी एक गंमत. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ तिकडं दोन हजार सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होती, म्हणून महिंद्रानं तिथं १.९९ लिटरचं इंजिन विकलं. आपल्याकडचं एमहॉक इंजिन २१७९ सीसीचं. आरसीवर सीसी वाचा. आणि परराज्यातली असेल तर एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो किमतीतून आधीच वजा करून बोला.

आम्ही शेवटी विट्याच्या एका निवृत्त मास्तरांकडून २०१५ ची घेतली. एक्क्याण्णव हजार किलोमीटर, मागच्या बंपरला पोचा, दारावर ओरखडे, दाजींच्या पांढऱ्या नवरीपुढं अगदी गरीब. पण मास्तरांनी पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या दोरा बांधून ठेवल्या होत्या. सहा लाख साठला सौदा झाला. आणि हो, त्यांच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा नावावर करायला चौदा दिवसच असतात. मी बाराव्या दिवशी धावत गेलो.

आता बदल. इथं माझी चूक सांगतो, कारण तुमचा पहिलाच शब्द "मोठे टायर" आहे.

भाचा, म्हणजे दाजींचाच मुलगा, इंजिनिअरिंगला होता. "मामा, या टायरवर गाडी उपाशी दिसते." कंपनीचे २३५/६५ आर १७ होते, त्यानं २६५/६५ सुचवले. आणि मी, बेल्ट ओढणारा शहाणा माणूस, जुने देऊन वर चौतीस हजार मोजले. गाडी दिसली मात्र झकास. आठवडाभर मी कारण नसताना मंडईत चकरा मारल्या. मग हिशेब केला. नवीन चाकाचा व्यास साधारण ३९ मिलिमीटरनं जास्त, म्हणजे मीटर शंभर दाखवतं तेव्हा गाडी एकशे पाचवर असते. अ‍ॅव्हरेज बारावरून साडेदहावर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासायचा. आणि गाडी दोन सेंटिमीटर उंच झाली.

दोन सेंटिमीटर म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. आईचे गुडघे गेलेत. आधीच ती दाराला लोंबकळत चढायची. टायर बदलल्यावर तिनं गाडीत बसायचं सोडलं. बोलली काही नाही, फक्त दर वेळी "तुम्ही जाऊन या, मी घर बघते" सुरू झालं. बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. एकदा वाठारला लग्नाला जाताना आई देवघरातला पाट पिशवीत घालून आली. पाट खाली ठेवला, त्यावर पाय दिला, चढली, मग मी पाट उचलून डिकीत टाकला. मांडवाच्या दारात दाजी उभे होते. पाट बघून ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टायर परत २३५ चे. मग गावाबाहेर उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर आहे त्याच्याकडे गेलो. बाजारातले फूटस्टेप दिसायला चकचकीत, पण बोटभर रुंद आणि पावसात निसरडे. याला सांगितलं, आईचं पूर्ण पाऊल मावलं पाहिजे, वर चेकर प्लेट (उठावाचा खरखरीत पत्रा), आणि चेसीसला वेल्डिंग नको, आधीच असलेल्या भोकांना नटबोल्टनं बसव. सहा हजार दोनशे घेतले. आत पिलरला धरायला एक जाड हँडल. मधल्या सीटला सुती कव्हर, कारण रेग्झिनवर उन्हाळ्यात म्हातारी माणसं घसरतात आणि भाजतात. एवढंच. मागच्या काचेवर रेडियममध्ये काय लिहायचं यावर घरात तीन दिवस चर्चा झाली आणि शेवटी काहीच लिहिलं नाही.

बुल बार अजिबात नको. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि एअरबॅगवाल्या गाडीत धडकेचं गणितच तो बिघडवतो. गाडीत कायद्याबाहेरचा बदल केला तर एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असं कलम २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. तुम्हाला कुणी पकडेल न पकडेल, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो तेव्हा त्याची नजर आधी तिकडं जाते. टचस्क्रीन लावा, हरकत नाही. फक्त वायर कापून टेप गुंडाळू देऊ नका, कपलरवाला सेट मागा.

एअरबॅगवरून आठवलं. खालच्या व्हेरिएंटमध्ये त्या नव्हत्या, आणि २०१६ मध्ये गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली तेव्हा शून्य स्टार मिळाले. सात लाखांत टचस्क्रीनवाली आणि एअरबॅगवाली यातून निवडायची वेळ आली तर मला विचारू नका. तुमची २०१७ ची असेल तर महिना बघा. नोव्हेंबरात मॉडेल बदललं, वरच्या एस इलेव्हन व्हेरिएंटला १४० बीएचपीची ताकद आणि सहा गिअर आले. डीलर आधीच्या गाडीला पण "नवीन मॉडेल" म्हणून विकतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आमच्या गाडीत मागं आडवी बाकडी आहेत, थोरला तिथं बसतो आणि मला ते पटत नाही. सहा माणसं आहेत तर तिसऱ्या रांगेचं तोंड समोर असलेलीच शोधा, थोडी कमी मिळतात. इनोव्हा मी कधी वापरली नाही, त्यामुळे "इनोव्हा का नको" असं खाली विचारू नका. तुमचे आई-वडील ही गाडी कशी चढतात ते बघायला त्यांना सोबत घेऊन जा, आणि ते चढून खाली उतरेपर्यंत इसार खिशातच राहू द्या. दाजी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: अकरा हजार मी गेल्या दिवाळीला ताईच्या हातात दिलेत, तिला विचारा.