पेशीची इजा, अनुकूलन आणि ताण हा धडा वॉर्डातल्या रुग्णात कसा ओळखावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी अनुकूलनाचे (पेशीने भाराशी जुळवून घेण्याचे) प्रकार, नेक्रोसिसचे (इजेमुळे पेशी मरण्याचे) प्रकार आणि ताणाचे तीन टप्पे पाठ झाले आहेत. परंतु वॉर्डात रुग्णासमोर उभे राहिल्यावर त्यातले काहीच ओळखता येत नाही, आणि ताणाचा विषय पेशींच्या धड्याला का जोडला आहे हेही उमगत नाही. मी नाशिकमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हाच भाग शिकवते. हा धडा याद्या करून वाचला की हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून तो सलग कसा वाचावा ते लिहिते.

पेशीवर भार आला की ती आधी जुळवून घेते. भार पेलवेनासा झाला की तिला इजा होते, ही इजा काही काळापर्यंत भरून येऊ शकते, आणि तो काळ उलटला की पेशी मरते. तुम्ही सटाण्याकडच्या आहात असे लिहिले आहे, त्यामुळे डाळिंबाचा बहार धरताना बागेचे पाणी तोडलेले तुम्ही पाहिले असेल: बेताचा ताण सोसून झाड पाने गाळते आणि पाणी सुरू झाल्यावर फुलते, पण हलक्या जमिनीत तोच ताण लांबला तर झाड वाळते. पेशीच्या बाबतीतही भार किती, किती वेळ आणि पेशी कोणत्या जातीची, या तीन गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून असते. परिचारिकेचे बहुतेक काम इजा अजून भरून येण्याजोगी असते त्या काळात पडते, म्हणून तो काळ ओळखता येणे हेच या धड्याचे खरे प्रयोजन आहे.

इजेची कारणे पुस्तकात बरीच दिलेली असतात: ऑक्सिजनची कमतरता, विषारी द्रव्ये, जंतू, उष्णता, आहारातील त्रुटी, स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा हल्ला. यांपैकी ऑक्सिजनच्या कमतरतेची साखळी नीट समजली की बाकीची बरीच त्यातूनच उलगडतात. ऑक्सिजन कमी पडला की मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, एटीपी हे पेशीचे इंधन तयार होणे मंदावते. पेशीपटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीवर चालतो. तो एरवी तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो. पंप मंदावला की सोडियम आत साचतो, त्याच्यामागे पाणी येते आणि पेशी सुजते. सूक्ष्मदर्शकाखाली इजेची दिसणारी पहिली खूण बहुधा हीच असते. दरम्यान, ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज वापरण्याचा प्रयत्न चालू राहिल्यामुळे लॅक्टिक आम्ल साचते आणि पेशीतील पीएच घसरतो. शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) रुग्णाच्या रक्तातले लॅक्टेट, म्हणजे हेच लॅक्टिक आम्ल, डॉक्टर पुन्हापुन्हा तपासायला सांगतात ते यासाठीच. इथपर्यंत रक्तपुरवठा परत आला तर पेशी सावरते.

यापुढचा भाग कॅल्शियमचा आहे. पेशीच्या आतल्या द्रवापेक्षा बाहेर मोकळे कॅल्शियम सुमारे दहा हजार पट असते, आणि हा फरक टिकवण्यासाठीही ऊर्जाच लागते. ऊर्जा संपली की कॅल्शियम आत शिरते, पेशीतील प्रथिने, पटले आणि केंद्रक यांना तोडणारी एन्झाइम जागी करते, मायटोकॉन्ड्रिया कायमचे बिघडतात, पेशीपटल फाटते आणि लायसोसोममधली (पेशीतल्या पाचक पिशव्यांमधली) एन्झाइम सुटून पेशी आतूनच पचू लागते. मायटोकॉन्ड्रियाचे काम परत न येणे आणि पेशीपटल फाटणे, या दोन खुणा दिसल्या की परतीची वाट बंद झाली असे समजावे.

फाटलेल्या पटलातून जे बाहेर सांडते तेच आपण प्रयोगशाळेत मोजतो. हृदयाच्या स्नायूतून ट्रोपोनिन हे प्रथिन, यकृतातून एसजीपीटी आणि स्नायूंतून सीपीके ही एन्झाइम. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात पाय चिरडलेला रुग्ण आला, तर त्याच्या मृत स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतले लाल प्रथिन रक्तात उतरते; म्हणून पोटॅशियममुळे मॉनिटरवर ईसीजीची टी लहर टोकदार दिसते का आणि मायोग्लोबिनमुळे युरिन बॅगेतली लघवी काळपट तपकिरी होते आहे का, ही दोन्ही निरीक्षणे तुम्ही स्वतः नोंदवून ताबडतोब कळवायची असतात.

आता वेळेचा मुद्दा. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर मेंदूच्या पेशी साधारण ३ ते ५ मिनिटांत, हृदयाच्या स्नायुपेशी २० ते ४० मिनिटांत आणि हातापायांचे स्नायू काही तासांत परत न येण्याच्या अवस्थेला पोहोचतात. सीपीआरला क्षणाचाही उशीर का चालत नाही आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्याबरोबर का काढायचा, याचे उत्तर या आकड्यांमध्ये आहे. रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावरही मुक्त मूलके (ऑक्सिजनपासून बनणारे, पेशीला इजा करणारे अस्थिर कण) आणि कॅल्शियम यांमुळे काही पेशींना नव्याने इजा होते. त्यामुळे बंद रक्तवाहिनी उघडल्यानंतरच्या तासांत हृदयाचे ठोके अनियमित होतात का, याकडे मॉनिटरवर बारीक लक्ष ठेवावे लागते.

मला या धड्यातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण बेडसोरचे वाटते, कारण तिथे डॉक्टरांच्या आधी तुमची नजर पोहोचते. पक्षाघाताचा रुग्ण पाठीवर पडून राहिला की माकडहाडाचा भाग आणि टाचा यांवरच्या केशवाहिन्या दाबल्या जातात आणि वर सांगितलेली सगळी साखळी त्या इंचभर जागेत सुरू होते. स्नायू हा त्वचेपेक्षा ऑक्सिजनसाठी अधिक हळवा असतो आणि हाडाला लागून असलेल्या भागावर दाबही जास्त येतो, त्यामुळे वरची त्वचा अखंड दिसत असताना आतला स्नायू मेलेला असू शकतो. बोटाने दाबल्यावर लाली पांढरी पडून परत आली, तर रक्तप्रवाह अजून शाबूत आहे. दाबूनही लाली हटत नसेल, तर पहिल्या टप्प्याचा बेडसोर धरायचा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ही लाली अनेकदा दिसतच नाही, म्हणून शेजारच्या त्वचेशी तुलना करत ऊब, थंडपणा, कडकपणा आणि दुखरेपणा हाताने तपासा. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रिवाज याच हिशेबाने पडला आहे. रुग्ण अशक्त असेल, त्याच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल किंवा तो ओल्या चादरीवर असेल, तर त्याच्या पेशींना दोन तासही सोसत नाहीत. कूस बदलल्याची वेळ चार्टवर न चुकता लिहा.

अनुकूलनाची उदाहरणे शोधायला पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात जा. प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या एकाच वृद्ध रुग्णात दोन प्रकार दिसतात: प्रोस्टेटमध्ये पेशींची संख्या वाढलेली असते, हा हायपरप्लाझिया, आणि अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड झालेला असतो, ही हायपरट्रॉफी. प्रौढ हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ विभागतच नाहीत, म्हणून उच्च रक्तदाबात हृदयाला पेशी मोठ्या करण्याखेरीज पर्याय नसतो. पण जाड झालेल्या भिंतीला पुरतील इतक्या केशवाहिन्या वाढत नाहीत आणि सोय म्हणून झालेला बदलच पुढे हृदय थकण्याचे कारण ठरतो. ऑर्थोच्या वॉर्डात प्लास्टर काढल्यावर बारीक झालेली पोटरी म्हणजे अॅट्रोफी, पेशी आकसणे. त्या पेशी मेलेल्या नसतात, कमी खर्चात जगत असतात, म्हणून प्लास्टरमध्ये असतानाच मांडीचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शिकवण्याला अर्थ आहे.

मेटाप्लाझियाचे, म्हणजे एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीने घेण्याचे, उदाहरण मेडिसिन वॉर्डात सहज मिळते. विडी उद्योगासाठी सिन्नरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतील केसाळ स्तंभाकार पेशींची जागा चपट्या, थरांच्या पेशी घेतात. धुराचा मारा त्या अधिक सोसतात, परंतु कफ वर ढकलणारे केस त्यांना नसतात, म्हणून खोकला आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग मागे लागतो. विडी सुटली तर हा बदल परतू शकतो, आणि रुग्णाला समजावताना हे आवर्जून सांगावे. मारा चालूच राहिला तर पुढे डिस्प्लाझिया होतो. तो अनुकूलनाच्या यादीत छापलेला असला तरी खरे तर पेशींची बिघडलेली वाढ आहे, आणि गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीत आपण तीच शोधतो.

नेक्रोसिस आणि अॅपॉप्टोसिस यांतला फरक थोडक्यात असा: नेक्रोसिसमध्ये पेशी फुटते, आतले द्रव्य सांडते आणि भोवती दाह होतो, अॅपॉप्टोसिसमध्ये पेशी ऊर्जा वापरून ठरवून स्वतःचा शेवट करते आणि दाह होत नाही. नेक्रोसिसचे प्रकार अवयवानुसार लक्षात ठेवा: हृदयात गोठलेला, मेंदूत द्रवरूप, क्षयाच्या गाठीत पनीरासारखा.

आता ताण. १९३६ मध्ये मॉन्ट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवर प्रयोग करताना असे पाहिले की थंडी, जखम, अतिश्रम किंवा औषध यांपैकी कोणताही मारा केला तरी शरीरात तेच बदल होतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात, छातीतली थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आकसते, जठरात व्रण पडतात. त्यावरून त्यांनी इशारा, प्रतिकार आणि थकवा हे टप्पे मांडले. पेशीचा क्रम आठवा: जुळवून घेणे, पेलणे, कोलमडणे. सगळे शरीर हाच क्रम संप्रेरकांच्या द्वारे पार पाडते, म्हणून हा विषय याच धड्यात येतो.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर वाढलेली, नाडी जलद आणि लघवी कमी दिसते, ती ताणात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे: साखर आणि नाडी अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल यांमुळे, तर लघवी शरीरात पाणी राखणाऱ्या एडीएच व अल्डोस्टेरोन यांमुळे. लघवी कमी दिसली म्हणून ती ताणाचीच असे मात्र गृहीत धरू नका. आधी रक्तस्राव आणि कॅथेटरचा अडथळा तपासा. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले तर स्नायूंची प्रथिने मोडतात, जखम भरणे लांबते आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे वेळेवर दिलेले वेदनाशामक, अंगावरचे पांघरूण, रात्री मंद केलेले दिवे आणि झोप न मोडता एकत्र उरकलेली कामे यांना नर्सिंग केअर प्लॅनमध्ये शारीरिक कारण जोडून लिहा. 'रुग्णाला आराम वाटावा म्हणून' एवढेच लिहिले तर परीक्षकाला तुमची समज दिसत नाही.