पाच माणसं, त्यात म्हातारे आई-वडील: वॅगन आर की स्विफ्ट?

दादा, किंमत-ॲव्हरेज बाजूला ठेवून तुम्ही फक्त जागेचं आणि बसण्याचं विचारलं, हे बरं केलं. घरात तुम्ही पाच जण, आई-वडील सत्तरीच्या पुढचे, पुसदहून दर महिन्याला नागपूरचा दवाखाना. अशा घराला मी वॅगन आरच सांगीन. आमच्याकडे वॅगन आर आहे, साळ्याकडे नवी स्विफ्ट. दारव्ह्याकडच्या रस्त्यांवर दोन्ही चालवतो, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत मागेही बसतो.

कागदावर स्विफ्ट मोठी दिसते. तिची लांबी ३८६० मिमी, वॅगन आरची ३६५५. म्हणजे आठ इंच जास्त. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर बघा: स्विफ्ट २४५०, वॅगन आर २४३५. फरक फक्त १५ मिमी. बाकीची लांबी चाकांच्या पुढेमागे गेली, ती तुमच्या गुडघ्यांच्या काय कामाची? खरा फरक उंचीत आहे. वॅगन आर १६७५, स्विफ्ट १५२०, सहा इंचांचं अंतर. छत उंच असलं की सीटही उंच बसवता येते, आणि उंच सीटवर पाय खाली सुटतात. पाटावर बसलेल्याला पाय पुढे पसरायला जागा लागते, खुर्चीवर बसलेल्याला तेवढी लागत नाही, तसंच हे. म्हणून लांबीला कमी असूनही वॅगन आरमध्ये मागच्या माणसाचे गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत.

म्हाताऱ्या माणसाचं सुख सीट किती मऊ यावर नसतं, चढण्या-उतरण्यावर असतं. आमची माय नऊवारी नेसते, गुडघे गेलेले. वॅगन आरचं दार उघडलं की ती पाठ करून टेकते, मग लुगडं सावरत एकेक पाय हातानं उचलून आत घेते. सीट तिच्या कमरेच्या जवळपास येते, त्यामुळे ना वाकावं लागत ना आदळावं लागत. स्विफ्टमध्ये आधी डोकं छताखालून न्यायचं, मग खाली जायचं. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, “बाप्पा, इथून उठाले दोन माणसं लागतीन मले.” आणि खरंच एकानं हात दिल्याशिवाय उतरली नाही. ओपीडीसमोर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना ही गोष्ट फार कळते.

आता वॅगन आरचा उणा भाग. रुंदी. ती १६२० मिमी, स्विफ्ट १७३५, म्हणजे साडेचार इंचांचा फरक, आणि तो सगळा खांद्याला जाणवतो. मागे तीन मोठी माणसं बसली की मधल्याला एक खांदा पुढे काढूनच बसावं लागतं. तुमच्या घरात मध्ये दहावीतला पोरगा बसणार, तो निभावून नेईल. पण पोळ्याला किंवा लग्नाला तीन धिप्पाड पाहुणे मागे कोंबणार असाल तर स्विफ्ट बरी.

चालवणाऱ्याची सीट मात्र स्विफ्टचीच चांगली, यात वाद नाही. पाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. वॅगन आरची सीट सपाट, वळणावर अंग सरकतं, आणि गाडी उंच असल्यानं झुकतेही. यवतमाळ-वर्धा-नागपूर चौपदरीवर एकटा गेलो तर मला साळ्याचीच गाडी आवडते. वर्ध्याच्या पुढे कंबर बोलायला लागते ती आमच्या गाडीत. कमरेमागे एक पातळ उशी ठेवली की भागतं.

उन्हाचं कुणी बोलत नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हा विषय आरामाचाच आहे. वॅगन आरच्या काचा मोठ्या, बाहेरचं छान दिसतं, म्हाताऱ्यांचा जीव कोंडत नाही. पण तेवढंच ऊनही आत येतं, आणि मागे एसीची जाळी नाही. नव्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्यांसाठी वेगळी जाळी आहे, तो फरक दुपारी बारा वाजता कळतो. आम्ही मागच्या काचेत ओला दुपट्टा अडकवतो, अर्धा तास बरं जातं. वडिलांना उष्णतेचा त्रास असेल तर ही गोष्ट तोलून बघा.

डिक्कीत वॅगन आर पुढे, ३४१ लिटर, नवी स्विफ्ट २६५. दवाखान्यात मुक्काम पडला की गादी, डबे, पाण्याची कॅन, सगळं मावतं. फक्त सीएनजी घेतली तर ही बढाई विसरा, टाकी डिक्कीतच बसते. आणि मागची सीट दोन भागांत वेगवेगळी दुमडणारी हवी असेल तर कोणत्या मॉडेलात येते ते बुकिंगआधी विचारा, खालच्या मॉडेलात ती मिळत नाही.

शोरूमला एकटे जाऊ नका. आईला घेऊन जा, पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मग तिला तुमच्या मागे बसवा आणि कुणाचा हात न लावता उतरायला सांगा. दोन्ही गाड्यांत. त्यानंतर पाचही जण बसून गिट्टीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. सेल्समन डांबरी रस्त्यावरच नेईल, तुम्ही वळवायला सांगा.