चक्कर, अंधारी आणि हृदयाची अनुकंपा

प्रश्न असा आहे : "बाबांना काही वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे. या वेळच्या कागदावर 'कार्डिअ‍ॅक ऑटोनॉमिक डिसफंक्शन' असं लिहून आलंय. आईला मराठीत काय सांगू? शिवाय बाबा 'चक्कर येते' म्हणाले, तर डॉक्टरांनी विचारलं, 'चक्कर की अंधारी?' यात फरक आहे का?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो जास्त निकडीचा आहे. फरक आहे, आणि मोठा आहे. चक्कर म्हणजे चक्र. भोवळ ही भोवऱ्याच्या कुळातली आणि घेरीत तर घेरच आहे. तिन्ही शब्दांत काहीतरी गरगरतं. अंधारीत काही फिरत नाही, नुसता डोळ्यांपुढचा उजेड जातो. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच चक्कर म्हणून मोकळे होतो. उपास घडला तरी चक्कर, उन्हातून आलं तरी चक्कर.

माझ्या मामांना कंपवात होता. सकाळी पलंगावरून उठले की दोन पावलं टाकून दाराची चौकट धरायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. मानेत, खांद्यांत ओढ बसते म्हणायचे. आम्ही घरचे "चक्कर येते" एवढंच सांगत राहिलो आणि चक्करेच्या गोळ्या घेत राहिलो. मग एका डॉक्टरांनी विचारलं, "फिरतं काय, घर की तुम्ही?" मामा म्हणाले, "फिरत काहीच नाही हो. लाइट गेल्यासारखं होतं." त्यांनी लगेच आडवं झोपवून बीपी घेतलं : वरचा आकडा १४०. उभं करून तीन मिनिटांनी १०४. नाडी ७२ची जेमतेम ७६ झाली होती.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याला 'पोस्चरल ड्रॉप' म्हणतात. आणि चक्करेच्या गोळ्यांचं म्हणाल, तर त्यातल्या प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन यांसारख्या काहींनी कंपवात उलट वाढतो. एका ढोबळ शब्दाची इतकी किंमत मोजावी लागते, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

आता कागदावरचा शब्द. 'ऑटोनॉमिक'ला पाठ्यपुस्तकात 'स्वायत्त' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याला स्वायत्त महाविद्यालय आठवतं. पुढचा 'चेतासंस्था' मला 'मज्जासंस्थे'पेक्षा आवडतो, कारण मज्जा म्हटलं की हाडातला मगज डोळ्यांसमोर येतो. या स्वायत्त, म्हणजे आपल्या हुकमाशिवाय आपोआप चालणाऱ्या, चेतासंस्थेचे दोन मुख्य भाग, अनुकंपी आणि परानुकंपी. 'सिंपथेटिक'साठी अनुकंपी हा शब्द ज्याने निवडला त्याला नमस्कार. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपणही कापणं.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीतले संवेदक ते टिपतात, अनुकंपी चेता रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढवतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कंपवातात हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे गेलेले हेच अनुकंपी तंतू झडत जातात. हे तंतू दाखवणाऱ्या एमआयबीजी नावाच्या स्कॅनमध्ये निरोगी माणसाचं हृदय उजळलेलं दिसतं. कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांत त्या जागी जवळजवळ काहीच उमटत नाही. हृदयाचा पंप चांगला असतो, त्याला हाक पोहोचत नाही. मामांची नाडी चारच ठोक्यांनी वाढली ती यामुळे.

कंपवात हे नाव दिसणाऱ्या कंपावरून पडलं. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली केलेल्या या आजाराच्या वर्णनाच्या शीर्षकातही थरथरच होती. हात कापतो ते सगळ्यांना दिसतं. अनुकंपीतला कंप थांबतो तो कुणालाच दिसत नाही. मात्र 'हृदयविकार' हा शब्द आईंसमोर वापरू नका. त्या अटॅकच्या भीतीने रात्रभर जागतील.

त्यांना असं सांगा : "बाबांचं हृदय धड आहे. उठताना त्याला आपोआप जो निरोप जातो तो नीट जात नाही, म्हणून दाब उतरतो आणि अंधारी येते." आणि डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीवर 'चक्कर' हा शब्द नको. अंधारी केव्हा येते ते लिहा : उठल्यावर, जेवणानंतर, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, की कंपवाताची गोळी घेतल्यावर.