आजोबांचा पहिला पोर्ट्रेट: खिडकीचा उजेड आणि हातात संबळ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातुरात मित्राच्या स्टुडिओचा हॉल रविवारी रिकामा मिळतोय, फ्लॅश नाही, सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) नाही. कॅनन १५००डी आणि ५० एमएमची १.८ लेन्स एवढंच आहे. गोंधळी असलेल्या आजोबांचा संबळासह पोर्ट्रेट काढायचाय. चाचणीच्या फोटोत अर्धा चेहरा हिरवट आला आणि संबळाच्या पितळेवर पांढरा डाग पडला. नुसत्या उजेडावर जमेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. विजेचे दिवे नव्हते तेव्हा स्टुडिओ काचेतून येणाऱ्या उजेडावर आणि पडद्यांवरच चालायचे. फक्त उजेड एकाच जागेवरून येऊ दे. तुझा हिरवटपणा ट्यूबलाइटचा आहे. एका गालावर खिडकी आणि दुसऱ्यावर ट्यूब, मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवून घेणं, दोघांनाही न्याय देऊ शकत नाही. हॉलमधले सगळे दिवे बंद कर, रस्त्याकडचं शटर खाली ओढ आणि उत्तरेची खिडकी तेवढी उघडी ठेव. भिंतीला पोपटी किंवा निळा रंग असेल तर तोही चेहऱ्यावर उतरतो, त्या बाजूला पांढरी चादर टांग.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असं सगळेच सांगतात, पण आपल्याकडे मे महिन्यात ते खरं नाही. मेच्या मध्यात लातूरला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो उत्तरेकडेच असतो. त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन आत घुसतं. दहाच्या सुमारास सुरू कर. दुपारपर्यंत थांबू नकोस, त्या उकाड्यात अंगरखा, पगडी आणि कवड्यांच्या माळा घालून म्हाताऱ्या माणसाला बसवायचं नाही.

खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, तिरकी. पाठीमागचा पडदा खुर्चीपासून जेवढा मागे जाईल तेवढा बरा, तो आपोआप काळसर होतो. आता पगडीचं बघ. खिडकी उंचावर आणि आजोबा खाली बसले तर कपाळाची सावली डोळ्यांत जाते. खुर्ची एखाद्या चौरंगावर किंवा भक्कम पाटावर घे, म्हणजे डोळे खिडकीच्या मध्याला येतील. दोन्ही बुबुळांत खिडकीचा ठिपका दिसला की जागा बरोबर. सावलीकडचा गाल फारच काळा वाटला तर त्या बाजूला पांढरं धोतर धर, पण थोडं लांबूनच. आजोबांच्या सुरकुत्या पुसून टाकायच्या नाहीत.

संबळाच्या डागाकडे नीट बघ, त्यात खिडकीचे गज दिसतील. पितळ आरशासारखं वागतंय, बाकी काही नाही. सीपीएल फिल्टरवर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) पैसे घालू नकोस, उघड्या धातूच्या चकाकीवर तो जवळपास निरुपयोगी आहे. खिडकीवर पातळ धोतर ताणून बांध, डागाची मऊ पट्टी होईल. मग संबळ जरासा फिरवून ती पट्टी कडेला ने. पूर्ण घालवू नकोस, त्या पट्टीनेच भांड्याची गोलाई कळते.

संबळ 'प्रॉप' म्हणून हातात देऊन बसवलंस तर आजोबा पाहुण्याची वस्तू सांभाळल्यासारखे दिसतील, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते देवीच्या कामाचं वाद्य आहे. कुठे ठेवायचं, खाली काय अंथरायचं, हे त्यांनाच विचार. कमरेला बांधू दे आणि वाजवू दे. हातांना त्यांचं काम मिळालं की खांदे सैल होतात, मान आपोआप वळते.

सेटिंग सांगतो. दीड मीटरवरून १.८ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, जेमतेम सहा सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते, म्हणजे डोळे सापडले तर कान सुटला. लेन्सचं छिद्र लहान करून एफ ४ वर नेलं की ती तेरा-चौदा सेंटिमीटर होते. संबळ त्याच्याही पुढे असतो, तो थोडा मऊ आला तर येऊ दे, फोकस खिडकीकडच्या डोळ्यावरच. शांत बसलेले असताना शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६००, बिनधास्त. उजेड चेहऱ्यावरून मोज. पांढऱ्या अंगरख्यावर मोजलास तर सावळा चेहरा बुडेल. रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढ, आणि सुरुवातीला त्यांच्या गालाजवळ कोरा कागद धरून एक फोटो घे, रंग नंतर त्यावरून लावता येतो.

वाजवताना हात गोठवायचे असतील तर १/२५० च्या वर जा. एक-दोन फोटो १/३० वर मुद्दाम काढ, काड्या पुसट आणि चेहरा स्थिर येतो. त्यासाठी ट्रायपॉड लागेल, नसेल तर कॅमेरा दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर टेकव. आणि ताल पकडायला वेळ दे. पहिले काही फोटो नुसते उजेड तपासण्यापुरते समज, त्यांना तुझा विसर पडला की खरे फोटो सुरू होतात. झाले की इथे टाक, चेहऱ्याचा रंग बघून पुढचं सांगतो.