नर्तकीला गोळ्या घालू नका

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा आणि मी सध्या 'पॅरोडियस दा!' हा जुना जपानी गेम खेळतोय. ऑक्टोपस, पेंग्विन, मांजराच्या तोंडाचं जहाज बघून तो खो-खो हसतो. पण ती तोकड्या कपड्यांतली अवाढव्य नर्तकी काही केल्या मरत नाही. सगळी शस्त्रं गोळा झाली की तर आम्ही जास्तच लवकर मरतो. असं का? आणि हा चावटपणा मुलाला दाखवावा का?

उत्तर : नर्तकी मरत नाही, कारण तिला मारायचंच नसतं. मीही एक अख्खा रविवार तिच्यावर गोळ्या झाडत घालवलाय, म्हणून हसत नाही. ती पाय टाकत पुढे येते, तेव्हा तिच्या पायांखालून निसटायचं. एवढंच. डिझायनरला आपल्याला नेमकं तिथूनच न्यायचं होतं, हा त्याचा आचरटपणा.

शस्त्रं वाढली की लवकर का मरता, हा दुसरा प्रश्न जास्त गमतीचा आहे. कोनामी या जपानी गेम-कंपनीने 1985 साली 'ग्रेडियस' नावाचा अत्यंत गंभीर चेहऱ्याचा अवकाशयुद्धाचा गेम काढला, आणि मग स्वतःच त्याची टिंगल केली. 'पॅरोडी' अधिक 'ग्रेडियस', म्हणून पॅरोडियस. पहिला 1988 साली एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरवर आला, तुमचा तो 1990 चा आर्केडवाला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. चेहरा विदूषकाचा झाला, पण हाडं ग्रेडियसचीच राहिली. तुम्ही जितके सशस्त्र, तितका गेम चवताळतो आणि शत्रूंच्या गोळ्या वाढतात. त्यात एकदा मेलात की सगळं जातं आणि मागच्या टप्प्यावर नागव्याने उभं राहावं लागतं. म्हणून हावरटपणा नको. वेग वाढवणारे स्पीड-अप तर दोनच घ्या. चौथ्यानंतर तुम्ही चालवत असलेला ऑक्टोपस तुमचं ऐकत नाही, स्वतःहून भिंतीवर जाऊन आपटतो. आणि स्क्रीनच्या तळाशी शस्त्रं निवडायची जी पट्टी असते, तिच्यातल्या शेवटच्या घरापासून सावध. ते बक्षीस नाही, कमावलेलं सगळं काढून घेतं. मी ते उत्साहाने दाबलंय. तीनदा.

मुलाचं म्हणाल, तर हा वात्रटपणा आहे, वाईटपणा नाही. मागे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या धून वाजतात आणि समोर नर्तकी येते, विनोद त्या विजोडपणात आहे. खरंच शी-शूवर हसायचं असेल तर 1992 चा 'टॉयलेट किड्स' हा गेम पडलाय. पण त्याचा विनोद दहा मिनिटांत संपतो, कारण खाली खेळच बेताचा.

मुलाला मात्र खेळताना समोर येणाऱ्या घंट्या सोडू देऊ नका. गोळ्या मारत राहिलं की त्यांचा रंग बदलतो. पांढरी मिळाली की तुमच्या हाती भोंगा येतो आणि गोळ्यांऐवजी जपानी वाक्यं सुटतात. मला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही; शत्रू मरतात मात्र.